पन्नास हजारांचा की लाखाचा? लेकीच्या लॅपटॉपवरून घरात दोन पक्ष

रेवती_जुळेसोलापूर
नमस्कार मंडळी. लेकीची बारावी झाली, सीईटीचे पर्सेंटाइल बरे आलेत, आता कॅप (प्रवेशाच्या) राउंडची वाट बघतोय. इंजिनिअरिंग नक्की. ब्रँच कॉम्प्युटर, मेकॅनिकल की टेक्स्टाइल, ते राउंड लागल्यावर कळेल. पहिल्या दोन मिळाल्या तर सोलापुरातच, टेक्स्टाइल मिळालं तर इचलकरंजी.

लॅपटॉप मात्र आत्ताच हवा असा हट्ट आहे. ह्यांचं म्हणणं, ४५-५० हजारांत चांगला येतो, पोर अजून शिकायची आहे, लाखाचा कशाला? पुण्याचे भाऊजी म्हणतात, "वहिनी, एकदाच काय ते चांगलं घ्या. अ‍ॅपलचा मॅकबुक एअर घ्या, चार वर्षं बघायला नको." एअर एम४ २०२५ मध्ये ९९,९०० ला आला, विद्यार्थी सवलतीत ८९,९००. आमचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे. अगदीच परवडत नाही असं नाही, पण लाख रुपये म्हटलं की हात आखडतोच.

मला कॉम्प्युटरमधलं टॅली आणि जीएसटी पोर्टल सोडून फारसं कळत नाही. दुकानांत विचारून झालं. ज्या डब्यावर त्या पोरांना इन्सेन्टिव्ह जास्त, तो चांगला. दोन्ही प्रकार वापरलेल्यांनी खरं काय ते सांगा.

रिकामटेकडा
भाजक्या शेंगा घेऊन बसलोय. होऊ द्या सुरू.

पुणेरी_पाहुणा
रेवतीताई, तुमच्या दिरांचं ऐका. माझ्याकडे २०२० साली आलेला एम१ एअर आहे. अजून अपडेट येतात, अजून दिवसभर बॅटरी पुरते, आणि आज विकायला काढला तरी गिऱ्हाईक उभं राहील. पन्नास हजारांच्या लॅपटॉपचं तिसऱ्या वर्षी काय होतं ते आजूबाजूला बघा. बिजागरी मोडलेली, बॅटरी तासाभराची, चार्जर कायमचा लावलेला. स्वस्तातलं दोनदा घ्यावं लागतं.

कडक_भाकरी
का बे पाहुण्या, लै शहाणपण सांगालास. माझा ३८ हजारांचा लॅपटॉप २०१९ पासून चालालाय. मधे एकदा रॅम वाढवली, एकदा बॅटरी बदलली, विषय संपला. तुझ्या एअरमध्ये रॅम वाढवून दाखव की.

पुणेरी_पाहुणा
@कडक_भाकरी वाढत नाही, मान्य. पण आता १६ जीबी मुळातच येते. २०२४च्या ऑक्टोबरपासून ८ जीबीचं मॉडेल बंदच केलंय.

लोखंडी_पेटी
चिंचोळी एमआयडीसीत डिझाइनमध्ये आहे, म्हणून मेकॅनिकलपुरतं सांगतो. सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर मॅकवर चालत नाही. कॅटिया नाही, सिव्हिलवाल्यांचं रेव्हिट नाही. ऑटोकॅडचं मॅक व्हर्जन आहे, फ्यूजनही आहे, पण कॉलेजात सर जे शिकवतील ते विंडोजवरचं असणार आणि मेनूसुद्धा तसेच असणार. मेकॅनिकल मिळालं तर एअरचा विषय तिथेच संपला.

शिवाय पहिलं वर्ष सगळ्या ब्रँचना जवळपास सारखंच असतं. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, ग्राफिक्स, वर्कशॉपमध्ये फाइल घासणे. प्रोग्रामिंगचा एखादा पेपर असतो आणि त्याला कॉलेजची लॅब असते. राउंड लागायच्या आधी लॅपटॉप घेण्याची घाई कशाला, हे मला कळलेलं नाही.

बाकावरचा_शेवटचा
काही कॉलेजांत अजून टर्बो सी शिकवतात. निळा स्क्रीन. त्याची पहिली सी प्लस प्लस आवृत्ती १९९० ची आहे. त्याला लॅपटॉप कशाला, आजोबांचा कॅल्क्युलेटर आणा.

नवीपेठ_रिपेअर
मी लॅपटॉप दुरुस्त करतो. कुठल्याच कंपनीचा माणूस नाही, टेबलावर जे येतं ते सांगतो.

स्वस्तातल्या लॅपटॉपचा पहिला रोग म्हणजे हिंज, झाकणाची बिजागरी. त्याचे स्क्रू पितळी नटांत बसतात आणि ते नट प्लॅस्टिकच्या बारक्या खुंट्यांत गरम करून दाबलेले असतात. झाकण रोज एका कोपऱ्याला धरून उघडलं की खुंटी तडकते, नट सुटतो. पुढच्या वेळी झाकण उघडताना खालची बॉडीच फाकते. तेव्हाच आणलं तर मी नट परत बसवून अ‍ॅराल्डाइट भरतो, एक रात्र ठेवतो, थोडक्यात काम होतं. लोक मात्र तसाच आणखी चार महिने उघडझाप करतात. मग स्क्रीनची केबल कापली जाते आणि बिल वाढतं. झाकण नेहमी मधोमध धरून उघडा. हे लाखाच्या लॅपटॉपलाही लागू आहे, पण तिथे धातूला धातू जोडलेला असल्यामुळे सहसा निभावतं.

दुसरा रोग खास सोलापूरचा. लूमवाल्यांचे लॅपटॉप "गरम होतोय, आपोआप बंद पडतोय" म्हणून येतात. खालचं कव्हर काढलं की पंखा आणि जाळीच्या मधे टॉवेलच्या लिंटची (सुती तुसाची) पट्टी बसलेली असते. चिमट्याने धरली की अख्खी निघते. टॉवेलचा रंगही ओळखू येतो, गेल्या आठवड्यात फिरोजी निघाली. वारा जायला वाटच नाही तर प्रोसेसर काय करणार? रेवतीताई, तुमचं युनिट आहे म्हणून मुद्दाम लिहिलं. शेडमध्ये लॅपटॉप उघडून बसत असाल तर वर्षातून दोनदा साफ करून घ्या.

महागातले लॅपटॉप माझ्याकडे कमी येतात. पण आले की गिऱ्हाईक आकडा ऐकून खुर्चीतच बसतं. चहा सांडला, बोर्ड गेला, एसएसडी (डेटा साठवणारा भाग) बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डेटाही गेला. स्वस्तातल्यात निदान एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावता येते.

पुणेरी_पाहुणा
@नवीपेठ_रिपेअर छान माहिती. पण मग एअर तर सोलापूरसाठीच बनलाय! त्यात पंखाच नाही. लिंट ओढणार कोण?

नवीपेठ_रिपेअर
@पुणेरी_पाहुणा लिंटच्या बाबतीत बरोबर आहे तुमचं. पण पंखा नाही म्हणजे उष्णता बॉडीतूनच बाहेर पडायची. बाहेर आधीच तापलेलं असेल तर मशीन वेग कमी करून स्वतःला सांभाळतं. टायपिंगला, ब्राउझरला काही कळत नाही. अर्धा तास व्हिडिओ रेंडर लावला की कळतं.

चिकित्सक
पूरक माहिती : अ‍ॅपल स्वतःच मॅकबुकचं वापरायचं तापमान १० ते ३५ अंश देतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. इतर कंपन्यांचे आकडेही याच्याच आसपास असतात, तेव्हा यात ब्रँडचा दोष नाही. गावच तसं आहे.

उन्हाचा खरा मार बॅटरीवर बसतो. लिथियम-आयनला दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज. दोन्ही एकदम असतील तर बॅटरी न वापरताच म्हातारी होते. लॅपटॉप कायम चार्जरला लावून वापरत असाल तर ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, ती चालू करा. आणि दुपारी गाडीच्या डिकीत लॅपटॉप ठेवून सात रस्त्याला रसपान करत बसू नका.

कडक_भाकरी
रसपान नाही तर काय करायचं बे दुपारी?

शेंगा_चटणी
@नवीपेठ_रिपेअर, की-बोर्डमध्ये शेंगाचटणी गेली तर काय करायचं? मित्रासाठी विचारतोय.

नवीपेठ_रिपेअर
@शेंगा_चटणी मित्राला सांगा, लॅपटॉप उलटा धरून हलका झटका, मग मऊ ब्रश. फुंकर मारू नका, कूट आणखी आत जातं. चटणीला तेल सुटलेलं असतं, ते बटणाखालच्या रबरापर्यंत पोचलं की बटण चिकटतं. 'ए' आणि स्पेसबार आधी जातात.

हुतात्मा_चेअरकार
दर सोमवारी पहाटे हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातो, शुक्रवारी परत. आधी कंपनीचा १५.६ इंची होता, पावणेदोन किलो आणि वर विटेएवढा चार्जर. समोरच्या माणसाने खुर्ची मागे केली की स्क्रीन निम्मीच उघडायची. आता १३ इंची, सव्वा किलोचा आहे, कुर्डुवाडी येईपर्यंत दोन मेल लिहून होतात. वजन आणि बॅटरी ही महाग लॅपटॉपची खरी कमाई आहे, वेग नव्हे. रोज पाठीवर घेऊन फिरणार असेल तर पैसे वसूल. घरच्या टेबलावरच राहणार असेल तर कशाला?

झेन_मोजणारा
बजेटमध्ये घेणार असाल तर फसायच्या जागा सांगतो. दुकानात एएमडीचा "रायझन ५" प्रोसेसर म्हणून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात, ७५२०यू आणि ७५३०यू. फरक एका आकड्याचा. पहिल्यात ४ कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) आणि २०१९चं झेन २ डिझाइन, दुसऱ्यात ६ कोअर आणि झेन ३. या नंबरात तिसरा आकडा आतल्या डिझाइनची पिढी सांगतो, पहिला नुसतं वर्ष. डब्यावरचा मोठा ७ बघून लोक खूश होतात. ७५२०यू मध्ये रॅमही सोल्डर केलेली असते, म्हणजे ८ जीबी घेतली की जन्मभर ८ जीबी.

इंटेलमध्येही तेच. नावापुढचं शेवटचं अक्षर बघा. १२३५यू आणि १२४५०एच दोन्ही आय५, पण एच वाला जास्त वीज खातो आणि सलग जड काम जास्त वेळ ओढतो. सेलेरॉनकडे बघूच नका, ६४ किंवा १२८ जीबी ईएमएमसीवाल्याकडेही (साठवणीची हळू, छोटी चिप) नको. दोन अपडेटमध्ये भरून जातं.

थोडक्यात १६ जीबी रॅम (किंवा ८ + रिकामा स्लॉट), ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), आयपीएस (कोनातूनही रंग नीट दिसणारी) स्क्रीन, टाइप-सी वरून चार्जिंग. एवढं पन्नासच्या आसपास बसतं, त्यात इंजिनिअरिंगची चार वर्षं निघतात. अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) चालवायचं ठरलं तर १६ जीबीसुद्धा घाम गाळते, पण ते तिसऱ्या वर्षाचं दुखणं.

डॉबी_जकार्ड
स्क्रीनवरून आठवलं. मी टॉवेल आणि चादरीची डिझाइनं करते. ताईंची लेक टेक्स्टाइलला गेली तर हे वाचा.

स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत बारीक अक्षरांत '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असतं. म्हणजे एसआरजीबीचे (स्क्रीनच्या रंगांचं नेहमीचं माप) जेमतेम ६०-६५ टक्के रंग दिसतात. माझ्या जुन्या स्क्रीनवर मरून आणि तपकिरी शेजारी ठेवले तर फरक सांगता यायचा नाही. बायरला फोटो पाठवला, त्यांच्या स्क्रीनवर वेगळा दिसला, शेड कार्ड कुरिअर करावं लागलं ते वेगळंच. आता १०० टक्के एसआरजीबीवाला आयपीएस घेतलाय, लाखाचा नाही, साठीच्या आत. माझ्या कामाला प्रोसेसरपेक्षा हा आकडा महत्त्वाचा.

आणि जकार्डची (विणीतच नक्षी काढायची) जी सॉफ्टवेअरं आपल्याकडे कारखान्यांत वापरतात ती विंडोजचीच. एम्ब्रॉयडरीचं विलकॉमसुद्धा. म्हणजे तिथेही मॅकला रजा.

पुणेरी_पाहुणा
वर्षाला किती पडतो ते बघा ना. पन्नास हजारांचा चार वर्षं म्हणजे साडेबारा हजार. नव्वदचा सात वर्षं म्हणजे तेरा हजारांच्या आत, आणि वर विकून पैसे परत. मग चांगली वस्तू का वापरू नये?

कडक_भाकरी
आणि दुसऱ्या वर्षी हॉस्टेलातून चोरीला गेला तर? नव्वद हजार भागिले दोन. काढ की हिशोब.

जमाखर्च
@पुणेरी_पाहुणा, तुमच्या हिशोबात आणखी एक धरलंय, की सात वर्षं तोच वापरला जाईल. मुलगी चार वर्षांनी नोकरीला लागेल, कंपनी तिला स्वतःचा लॅपटॉप देईल. मग हा नव्वदचा कपाटात जाणार. आणि आजचे चाळीस हजार वाचले ते चार वर्षं बँकेत काही नुसते बसून राहत नाहीत.

पुणेरी_पाहुणा
कपाटात का, धाकटं भावंड वापरेल.

रिकामटेकडा
ताईंना धाकटं भावंडही सुचवून झालं. धागा जोरात आहे.

ओल्ड_मॉन्क_थिंकपॅड
नवाच कशाला पाहिजे? रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त केलेला) थिंकपॅड टी४८० बघा. २०१८चं मॉडेल, आठव्या पिढीचा इंटेल, दोन रॅम स्लॉट, आत एक बॅटरी आणि मागे एक, चालू असताना बदलता येणारी. की-बोर्ड असा की टायपिंगची हौस वाटावी. नव्या पन्नास हजारवाल्याच्या निम्म्यात मिळतो.

फक्त सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा घेऊ नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. त्यामुळे ऑफिसांतून जुना माल ढिगाने निघतोय आणि "एकदम कंडिशन" म्हणून स्वस्तात खपवला जातोय. घेताना बॅटरीची सायकल मोजून घ्या, स्क्रीनवर पांढरं पान उघडून डाग बघा.

कडक_भाकरी
+१. वापरलेला थिंकपॅड म्हणजे आपल्या सोलापुरी चादरीसारखा. दिसायला जाड, पण धाग्याला मरण नाही.

वाळूज_वाया_सोलापूर
अवांतर : जुळे सोलापूरला सध्या पाणी किती दिवसांआड येतंय?

कडक_भाकरी
@वाळूज तिथं लॅपटॉपची बॅटरी पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकती.

गृहिणी_विजापूररोड
पाण्याचा विषय इथे नको, बीपी वाढतं. मी एक वेगळाच अनुभव लिहिते. मुलाला धातूच्या बॉडीचा भारी लॅपटॉप घेतला. चार्जिंगला लावून हात ठेवला की मनगटाला झिणझिण्या यायच्या. आम्हाला वाटलं पीस खराब. सर्व्हिसवाल्यांनी बदलूनही दिला, नव्यालाही तेच! शेवटी वायरमनला बोलावलं तर घराला अर्थिंगच नव्हती. जुना वाडा, तीन पिनांचे बोर्ड नुसते दिसायला.

चिकित्सक
@गृहिणी_विजापूररोड दोन पिनांच्या चार्जरवर धातूच्या बॉडीला अगदी सूक्ष्म करंट जाणवतो, सहसा धोक्याचा नसतो. तीन पिनी केबल आणि खरी अर्थिंग असेल तर थांबतो. प्लॅस्टिकच्या बॉडीत कळत नाही इतकंच. तुमच्या वायरमनला लॅपटॉपसाठी नव्हे, गिझरसाठी धन्यवाद द्या.

सर्व्हिसने_पोळलेला
वॉरंटीचं कुणीच बोललं नाही. लॅपटॉप घेताना "ऑन-साइट" लिहिलं होतं. स्क्रीनवर पट्टे आले तेव्हा फोनवरची बाई म्हणाली, तुमच्या पिनकोडला इंजिनिअर येत नाही, पुण्याच्या सेंटरला आणून द्या. सुट्टी टाकून पुण्याला गेलो, तिथे सांगितलं की पार्ट मागवावा लागेल, पुढच्या आठवड्यात या. कंपनीचं नाव घेत नाही, सगळीच तशी असतात असंही म्हणत नाही. पण विकत घेण्याआधी त्या कंपनीच्या साइटवर ४१३ ने सुरू होणारा आपला पिनकोड टाकून बघा आणि टोल-फ्रीला एक फोन करा. स्वस्त असो की महाग.

नवीपेठ_रिपेअर
शंभर टक्के. आणि वाढीव वॉरंटी दुकानदाराच्या चिठ्ठीवर घेऊ नका. लॅपटॉप रजिस्टर करून कंपनीकडूनच घ्या. चहा सांडणं, पडणं हे साध्या वॉरंटीत येत नाही, त्याला अपघाती संरक्षण वेगळं असतं. कॉलेजच्या पोरांना तेच जास्त लागतं.

लेक_इथेच_आहे
सगळ्यांना नमस्कार. ज्या लेकीवरून धागा चाललाय ती मीच. आईने लॉगिन उघडं ठेवलं होतं, मी वाचलं आणि स्वतःचं खातं काढलं. मला कोणी विचारलेलंच नाही म्हणून सांगते : मला मॅक नकोय. काकांना हवाय. मला बसने जायचंय, त्यामुळे दीड किलोच्या आत हवा, आणि कॅमेरा असा हवा की ऑनलाइन क्लासला मी भुतासारखी दिसणार नाही. बाकी तुम्ही मोठे आहात.

रिकामटेकडा
धाग्याचा निकाल लागला. अध्यक्षांनी सभा आटोपती घ्यावी.

पुणेरी_पाहुणा
@लेक_इथेच_आहे बाळा, एअर सव्वा किलोचा आहे आणि कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा.

लेक_इथेच_आहे
काका, तुम्ही माझे खरे काका तर नाही ना?

रेवती_जुळेसोलापूर
अगं कार्टे, अभ्यास कर.

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून सगळं वाचलं, ह्यांनाही वाचून दाखवलं. नवीपेठवाल्या दादांचं लिंटचं ऐकून ह्यांनी तेव्हाच ऑफिसचा जुना लॅपटॉप पालथा करून बघितला. जाळी दिसतच नाहीये.

त्यावरून एक विचारते. हा जुना लॅपटॉप आय३ सहाव्या पिढीचा आहे, जीएसटी आला त्या वर्षी, २०१७ ला घेतलेला. टॅली यावरच चालतं, विंडोज १० आहे. आमचा बेत होता की मुलीच्या नव्या लॅपटॉपवरच संध्याकाळी टॅली टाकू, जुना काढून टाकू. बिलही फर्मच्या नावाने घेतलं की १८ टक्के जीएसटी परत मिळेल. मॅकवर टॅली चालतं का?

जमाखर्च
ताई, ही गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये लिहायची! अख्खं गणित बदललं.

टॅली फक्त विंडोजवर. मॅकवर पॅरलल्स टाकून विंडोज उभं करता येतं, पण त्याचे वेगळे पैसे आणि डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचे ड्रायव्हर लावताना डोकं उठतं.

बिलाचं म्हणाल तर, धंद्याला वापराल त्यावरचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळतं. मुलगी कॉलेजला घेऊन जाणार तो लॅपटॉप खासगी वापराचा, कलम १७(५) नुसार त्यावर क्रेडिट मिळत नाही. सगळे करतात म्हणून तुम्ही करू नका. आणि प्रॅक्टिकल अडचण बघा : लेक इचलकरंजीला गेली तर २० तारखेला ३बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरायला तुम्ही लॅपटॉप कुठून आणणार?

रिकामटेकडा
लेकीलाच भरायला लावा ३बी. शिक्षण तिथूनच सुरू.

कडक_भाकरी
जुन्यात एसएसडी टाका की. दोन-तीन हजारांत पळायला लागेल. टॅलीला काय लागतंय?

ओल्ड_मॉन्क_थिंकपॅड
@कडक_भाकरी पळेल, पण विंडोज १० चे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट बंद झालेत. त्याच मशीनवर करंट खात्याचं नेटबँकिंग करायचं? मी नाही करणार. सहावी पिढी विंडोज ११ ला अधिकृत चालत नाही.

झेन_मोजणारा
ताई, म्हणजे तुम्हाला एक लॅपटॉप नकोच आहे, दोन हवेत. लाखाच्या एकाऐवजी त्याच पैशांत दोन येतात. टॅलीसाठी आय३-१२१५यू, ८ जीबी, ३५ हजारांच्या आसपास, किंवा वर सांगितलेला टी४८० त्याहून कमीत. ऑफिसला डेस्कटॉपही चालेल, पण वीज गेली की यूपीएस लागतो. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. उरलेल्या ५५-६० मध्ये लेकीचा १४ इंची, दीड किलोच्या आसपासचा, १०० टक्के एसआरजीबीवाला. तिन्ही ब्रँचना चालेल.

पुणेरी_पाहुणा
कॉम्प्युटर मिळालं तर मात्र एअरचा विचार करा एवढंच म्हणतो. पायथन, जावा, वेब सगळं चालतं, आणि आयफोनचं अ‍ॅप बनवायचं तर एक्सकोड मॅकशिवाय नाहीच. तिथे सॉलिडवर्क्सचा प्रश्न येत नाही.

लोखंडी_पेटी
@पुणेरी_पाहुणा हे मान्य. म्हणूनच म्हणतोय, राउंड लागू द्या. १५ ऑगस्टच्या आसपास सेल असतात, दसऱ्या-दिवाळीच्या आधी मोठे. कार्डची सूट मिळते ती वेगळी. "नो कॉस्ट ईएमआय" घेणार असाल तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो, तेवढा बघा.

डॉबी_जकार्ड
आणि ऑनलाइन घेतलात तर बॉक्स उघडताना व्हिडिओ काढा. स्क्रीनवर डेड पिक्सेल निघाला तर बदलून घ्यायला पुरावा लागतो.

रेवती_जुळेसोलापूर
ठरलं. ऑफिसचा आधी, फर्मच्या नावाने, या आठवड्यात. ह्यांना टी४८० पटला होता, पण बिल जीएसटीचं आणि वॉरंटी कंपनीची हवी म्हणून आय३ चा नवाच घेतोय. पिनकोडची चौकशी केली, एका कंपनीने इथे इंजिनिअर येतो असं सांगितलं, दुसरीने "मॅडम, चेक करून कळवतो" म्हणून अजून कळवलेलं नाही. पहिलीचाच घेतोय. तो शेडमध्ये न्यायचा नाही, केबिनमध्येच राहील असा हुकूम निघालाय.

लेकीचा राउंड लागल्यावर, साठीच्या आत. कॉम्प्युटर मिळालं आणि तिने मन बदललं तर एअर. भाऊजींना फोनवर सांगितलं की वरचा फरक तुम्ही भरा. ते "बघू" म्हणाले.

आता शेवटचा प्रश्न. टॅलीचा डेटा जुन्यावरून नव्यावर कसा न्यायचा? दरवेळी करून देणारा मुलगा सध्या गावाला गेलाय.

पुणेरी_पाहुणा
भाऊजी "बघू" म्हणाले म्हणजे पन्नास टक्के काम झालं.

जमाखर्च
सोपं आहे ताई. टॅली प्राइममध्ये ऑल्ट+वाय दाबा, बॅकअप निवडा, सगळ्या कंपन्यांचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. आणखी एक कॉपी दुसरीकडे ठेवा. नव्यावर टॅली टाकून तिथूनच रिस्टोअर, आणि मागच्या महिन्याचा ट्रायल बॅलन्स दोन्हीकडे जुळतोय का ते बघा.

लायसन्स मात्र आधी जुन्या मशीनवरून सरेंडर करा, मगच नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट होईल. जुना फॉरमॅट करून मोकळे झालात तर हेल्पलाइनला फोन लावत बसावं लागेल.

नवीपेठ_रिपेअर
आणि जुना भंगारात देऊ नका. त्यातली हार्डडिस्क काढून केसिंगमध्ये घालून देतो, बॅकअपला चालेल. फक्त आधी ब्रश मारून आणा, माझ्या टेबलावर लिंट पुरेशी आहे.

शेंगा_चटणी
मित्र विचारतोय, स्पेसबार बदलायचे किती घेता?